गादीखालचे देव

आमच्या घरातलं उलथनं कधी जागेवर सापडायचं नाही. पोह्यांना फोडणी घातली, मोहरी तडतडली, हात मागे नेला की खिळा रिकामा. मग मी ओरडायची आणि नवरा न्हाणीघरातून ते धूत धूत घेऊन यायचा. त्याला चुना लागलेला असायचा, वाळलेली खळ लागलेली असायची, कधी पानाची पिंकसुद्धा. "धुतलंय गं," तो म्हणायचा. मी त्याला बाजारातून वेगळं उलथनं आणून दिलं होतं, पण ते म्हणे हवं तसं वाकत नव्हतं. भिंतीवरचं पोस्टर सोडवायला त्याला माझ्या पोह्यांचंच उलथनं लागायचं.

आम्ही बनारसचे मराठी. बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत राहतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भांडताना दोन्ही. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, तो रेल्वेच्या ऑफिसात होता. आम्हाला मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, नातवंडांना लागतात. हा पोस्टरांना लागला.

त्याचं असं झालं की काही वर्षांपूर्वी आमच्या गल्ल्यांमधून कुणीतरी हातानं रंगवलेली पोस्टरं चिकटवायला लागलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. विद्यापीठात चित्रकला शिकणारी मुलं असावीत असं पानवाला म्हणायचा. पोस्टरांवर नट, नट्या, क्रिकेटवाले, गाणारे. पण सगळे देवांच्या कॅलेंडरासारखे काढलेले. डोक्यामागे तेजाचं वलय, गळ्यात झेंडूचा हार, पायाखाली कमळ. एका फलंदाजाला तर चार हात होते. एका हातात बॅट, एकात चेंडू, एकात हेल्मेट आणि चौथ्या हातानं ग्लोव्ह घालून आशीर्वाद. लोक जाता-येता हसायचे. एका म्हाताऱ्या बाईला मी त्याच्यासमोर हात जोडताना पाहिलंय. आपल्याकडे वलय दिसलं की हात आपोआप जुळतात, खाली कोण आहे ते मागाहून बघतात.

नवऱ्याचा एक नियम होता. चांगलं चिकटलेलं पोस्टर काढायचं नाही, भिंतीचं ते भिंतीला राहू द्यायचं. पण कुणी मोठे पाहुणे शहरात येणार असले की गल्ल्यांच्या भिंती एका रंगात रंगवून काढतात. ती खबर पानवाल्याकडे सगळ्यांत आधी यायची. गल्लीच्या तोंडाशी रंगाचे डबे उतरले की हा पहाटे उठून निघायचा. बरोबर जुन्या पोत्याचे तुकडे, माझं उलथनं आणि झोळी. पोतं गंगेत भिजवायचं, पोस्टरावर दाबून धरायचं, एक पान खाऊन होईपर्यंत थांबायचं आणि मग वरच्या कोपऱ्यातून उलथनं सरकवायचं. थंडीत धुकं असलं तर काम सोपं, म्हणायचा. भिंती आधीच ओल्या असतात.

मला त्यातलं काही आवडत नव्हतं. नटनट्या मला कधीच आवडल्या नाहीत आणि भिंतीवरचे तर त्याहून नाहीत. हा म्हणायचा, "अगं, कुणीतरी इतकी मेहनत करून काढलंय, त्यावर चुना फासू द्यायचा?" मी म्हणायची, "मग भिंतीला सांगा." पण पुढचं काम एकट्याच्या हातचं नव्हतं आणि तिथं मला उभं राहावंच लागायचं.

गच्चीवरच्या दोरीला ती ओली पोस्टरं चिमट्यांनी टांगायची. माझे परकर, त्याचे बनियन आणि मध्ये एखादी नटी. पूर्ण वाळू द्यायची नाहीत, नाहीतर खळ कडक होऊन कागद गुंडाळतो आणि तडकतो. कडेला अंगठा लावला की थोडा गार लागायला हवा, तेव्हाच उतरवायचं. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, सांभाळून जिना उतरायचा आणि आमच्या पलंगावरची गादी उचलून तिच्याखाली सपाट घालायचं. गादीच्या ओझ्यानं ती इस्त्री केल्यासारखी व्हायची. तो खाली पेपर वाचत बसायचा, गच्चीवर असायची मी, पापड नाहीतर कपडे राखत. अंगठा लावून बघायचं काम माझ्याकडे आलं ते असं. कागद उतरवण्याजोगा झाला की मी जिन्यातून हाक मारायची, "अहो, वाळली हो! या लवकर!" आणि तो धडधडत वर यायचा. त्या वयातही दोन-दोन पायऱ्या एकदम.

त्या ढिगात एक जुन्या काळच्या नटीचं पोस्टर होतं. वलय, कमळ, सगळं होतं, पण चेहरा रागावलेला, भुवया चढवलेल्या. ते घरी आणलं त्या दिवशी नवरा खूश होता. म्हणाला, "ही तर तूच. उलथनं सापडत नाहीये बघ तिला." मी त्याला म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ते पोस्टर गादीखाली घालताना त्यानं माझ्या बाजूला घातलं, हे मी पाहिलं होतं.

गेल्या थंडीत तो गेला. सकाळी चहा घेतला, छातीत कसंतरी होतंय म्हणाला आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत संपलं. त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

दिराच्या मुलानं अग्नी दिला. आमच्यात बायका जात नाहीत, मी घरीच होते. आमच्या गच्चीवरून मणिकर्णिका घाटावरच्या चितांचा धूर दिसतो, रोजच दिसतो. तसा त्या दिवशीही दिसला. त्यातला त्याचा कुठला हे कळायला मार्ग नव्हता. मी थोडा वेळ बघितलं आणि दोरीवरचे कपडे काढून खाली आले. त्याचे बनियन वाळले होते, मी त्यांच्या घड्या घातल्या.

मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. वाईट वाटत होतं असंही म्हणता येणार नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळं अंग झालं होतं. भेटायला बायका येत, पदर डोळ्यांना लावत, मग पदराआडून माझ्याकडे बघत. एकीनं दुसरीला जिन्यात सांगितलेलं मी ऐकलं की डोळ्यांत टिपूस नाही बाईच्या, दगड आहे. मला त्याचाही राग आला नाही. मी रागीट बाई, वर्गात खडू फेकून मारणारी. राग आला नाही याची मात्र मला भीती वाटली. हे असंच राहिलं तर काय, असं मनात यायचं. पुढं जगायचं ते या बधिर अंगानं?

वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, नागपूरहून आल्या होत्या. वन्सं याच घरात वाढलेल्या, लग्न होऊन तिकडे गेलेल्या. गुडघे गेलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, चष्म्याच्या काचा जाड. पण कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी घर ताब्यात घेतलं आणि मला कोपऱ्यात चटईवर बसवलं. "अगं, रड," त्या मला म्हणायच्या. "एकदा रडून घे. माझा भाऊ गेलाय, मी रडते की नाही?" त्या रडायच्याही, भाजी चिरता चिरता, मध्येच. मी म्हणायची, "हो, वन्सं." आणि भिंतीकडे बघायची.

आता सुतकाचा हिशेब असा असतो की आम्हाला दहा दिवस, पण लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं तिसऱ्या दिवशीच फिटतं. म्हणजे त्या दिवसानंतर आमच्या घरात देवाला हात लावण्याजोगं माणूस एकच उरलं, वन्सं. सकाळी आंघोळ करून त्या पूजा करायच्या आणि मग दिवसभर मला शिवायच्या नाहीत. माझं ताट पाटावर ठेवून पुढं सरकवायच्या. त्यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. देवांचं कुणीतरी बघायला हवं होतं आणि त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

गेलेल्या माणसाची गादी घरात ठेवायची नाही, ती देऊन टाकायची. स्वतःचं सुतक फिटल्यावर लगेच वन्संनी ते मनावर घेतलं. पुतण्याला हाताशी धरून त्यांनी पलंगावरची गादी उचलली, त्याच्या डोक्यावर देऊन त्याला दाराशी पिटाळलं आणि परत फिरल्या तर खाली पलंगाच्या फळ्यांवर पोस्टरांचा थर. चुन्याचे डाग पडलेली, कोपरे फाटलेली, रंग विटलेली. त्या वाकल्या, चष्मा वर केला, खाली केला. मी चटईवरून बघत होते. वन्संना दिसली ती वलयं, कमळं, हार आणि चार हात.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात कानांना लावले. "देवांवर झोपत होतात? देवांवर पाय पसरून?"

त्यांनी वरचा कागद उचलून कपाळाला लावला.

"जुनी झाली, फाटली, तर गंगेत सोडायची. घर गंगेवर आहे तुमचं! गादीखाली घालतात? हे असलं केल्यावर काय होणार मग…" आणि त्या तिथंच थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण ते काय होतं ते मला कळलं. देवांवर पाय ठेवले म्हणून तो गेला.

त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं की वन्सं, ते देव नाहीत, ती बॅट आहे, गदा नव्हे. मला हात लावायला बंदी होती, तोंडाला काही सुतक नव्हतं. पण शब्द जुळवायचे, ते बोलायचे, मग पुन्हा समजावायचे, हे सगळं मला फार लांबचं वाटलं. वन्संनी पोस्टरं पाटावर ठेवली, एकेकाला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. काळा चष्मा घातलेला एक हीरो उलटा पडला होता, त्याच्या पाठीलाच कुंकू लागलं. रागावलेल्या नटीपाशी त्या जरा थबकल्या आणि म्हणाल्या, "देवी कोपलेली दिसते." मग क्षमा माग म्हणून मला सांगितलं. मी लांबून हात जोडले.

त्या धुतलेल्या चादरीत सगळं गुंडाळून गुडघे धरत धरत पायऱ्या उतरून घाटावर गेल्या. मी गच्चीवर गेले. धुकं विरलं होतं. थंडीतली गंगा संथ असते, कागद बराच वेळ घाटाजवळच तरंगत राहिले. चार हातांचा फलंदाज आकाशाकडे तोंड करून हळूहळू पंचगंगा घाटाकडे निघाला. नवऱ्याचं राख झालेलं अंग याच पाण्यातून गेलं होतं आणि आता हे त्याच्या मागं चाललेत, इतकं मला कळत होतं. ज्या कागदांवर तो झोपला, ज्यांच्यासाठी पहाटे उठला, ते डोळ्यांदेखत जात होते आणि मी कठड्याला हात टेकून उभी होते. मला काही झालं नाही. वन्सं खालून वर बघत होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली.

दुपारी दार वाजलं. वन्संनी उघडलं. पंचगंगेपाशी नाव लावणारा मल्लाह उभा होता, खांद्यावर ओल्या गमछ्याचं गाठोडं. नवरा पोती भिजवायला घाटावर जायचा तेव्हा हा त्याची थट्टा करायचा, एवढी आमची ओळख.

"माताजी, बाबूजी क सामान हौ," तो म्हणाला. "नाव के बीच में फँसल रहल."

"सामान?" वन्सं म्हणाल्या. लहानपणीची बनारसी बोली त्यांच्या तोंडी लगेच आली. "अरे, ऊ त भगवान लोग हउवन. हम विसर्जन कइली."

मल्लाहानं गाठोडं सोडलं, वरचा कागद उलगडला, वन्संच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "भगवान? ई त फिलिम क हीरोइन हौ, माताजी. अउर ई किरकेट वाला. बाबूजी कुल भीत से छोड़ावत रहलन, सब लोग जानत हौ." मग आपण सुतकाच्या घरात हसतोय हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं गमछा तिथंच सोडला, मला दुरून नमस्कार केला आणि गेला.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "हे काय म्हणतोय हा?"

"खरं म्हणतोय," मी सांगितलं. "ह्यांनी जमवली होती. भिंतीवरची. सगळे नटनट्या आहेत."

"मग मी हळदकुंकू वाहिलं ते?"

"नट्यांना."

"आणि तू बघत बसलीस!" असं म्हणून त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या गाठोड्यातले कागद चाचपत राहिल्या. "भाऊनं जमवली होती," त्या म्हणाल्या. "त्याची होती आणि मी ती पाण्यात घातली." आणि रडायला लागल्या. माझ्या वाटचंही त्याच रडतायत असं मला वाटलं. मी उठले, गाठोडं उचललं आणि गच्चीवर गेले. ओले कागद तसेच ठेवून चालत नाही, हे मला ठाऊक होतं म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

बरीच पोस्टरं लगदा झाली होती. ती बाजूला ठेवली. थोडी टिकली होती, ती दोरीला टांगली, वरच्या कडेला चिमटे लावून, मध्ये अंतर सोडून. फलंदाजाचे तीन हात उरले होते. रागावलेल्या नटीचा रंग ओघळून चेहरा जवळपास पुसला होता. भुवया मात्र राहिल्या होत्या, चढलेल्याच. मी उन्हाच्या बाजूला पाठ करून बसले. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पतंग उडवत होतं. थंडीतलं ऊन ते, त्याला वेळ लागतो. मधूनमधून उठून मी कडेला अंगठा लावत होते.

नटीचा कागद आधी उतरवण्याजोगा झाला. अंगठ्याला गारवा लागला, पण पाणी लागलं नाही. आता उशीर केला तर गुंडाळणार. मी जिन्याकडे तोंड केलं आणि हाक मारली.

"अहो, वाळली हो! या लवकर!"

माझा नेहमीचा आवाज, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी दोन कोपरे धरून उभी राहिले. खालून काही हालचाल नाही. पेपरात डोकं घातलं की ह्यांना ऐकू म्हणून येत नाही, असं मनात आलं आणि मला राग आला. खरोखरचा राग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हाक पुन्हा मारायला मी तोंड उघडलं आणि तेव्हा मला कळलं की तो नाही. मणिकर्णिकेचा धूर बघून कळलं नव्हतं, बनियनच्या घड्या घालताना कळलं नव्हतं. दोन कोपरे माझ्या हातात होते आणि दोन सुटे लोंबत होते, ते बघून कळलं.

मग जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. वन्सं गुडघ्यांवर हात टेकत वर आल्या. ती हाक कुणाला होती ते त्यांना कळलं होतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी चिमटे काढले, पुढं होऊन समोरचे दोन कोपरे धरले. आम्ही तो कागद आडवा धरून जिना उतरलो, त्या उलट्या पावलांनी, मी सुलट्या.

खोलीत आलो आणि दोघी थांबलो. पलंगावर नुसत्या फळ्या होत्या. गादी न्यायला माणूस येऊन गेला होता.

"आता कुठं ठेवायचं?" मी विचारलं.

वन्संनी इकडंतिकडं बघितलं. त्यांची स्वतःची गादी समोरच्या भिंतीशी लाकडी चौकीवर पसरली होती. "माझ्या खाली घाल," त्या म्हणाल्या. आम्ही गादीचं टोक उचललं, नटीला सपाट घातलं आणि गादी तिच्यावर सोडली. वन्सं धापा टाकत गादीवर बसल्या, पाय वर घेतले, मग पुन्हा खाली सोडले.

"पाय कुणीकडे करून झोपू तेवढं सांग," त्या म्हणाल्या. "चुकून देवीच असायची ती. भुवया बघितल्यास ना?"

मला हसू आलं. हसता हसता मी खाली बसले आणि रडले, मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असं. वन्सं उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि सुतकातल्या मला त्यांनी पोटाशी धरलं. पुतण्या दारात येऊन उभा राहिला आणि तसाच परत फिरला. बराच वेळ त्यांनी मला सोडलं नाही.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावण्याआधी त्यांना पुन्हा आंघोळ करावी लागली, तीही थंड पाण्यानं.